पेंढा कोणी पाहिला?

मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
मुंबई



भोर तालुक्यात भाताच्या खाचरांना लागून माझी एक शेड आहे. वर पेंढ्याचे छप्पर, आत ओले गोणपाट आणि दोऱ्यांना टांगलेल्या चारशे-साडेचारशे पिशव्या. गेली नऊ वर्षे मी तिथे धिंगरी अळिंबी घेते. ताजा माल पहाटेच्या गाडीने पुण्याला जातो. जो जात नाही तो वाळवून, दळून त्याची पावडर करते. सूपमध्ये, थालीपिठाच्या भाजणीत, लहान मुलांच्या पेजेत घालायला लोक ती नेतात. या पावडरीविषयीच तुम्हाला लिहायचे आहे. कार्यालयात अर्ज देऊन पोच घेता आली असती, पण हे इतरांनीही वाचावे असे वाटते, म्हणून पत्र उघड लिहिते आहे.

गेल्या पावसाळ्यात माझी एक जुनी गिऱ्हाईक पुण्याहून मुद्दाम भेटायला आली. तिच्या आईची केमोथेरपी चालू होती. कुणा नातेवाइकाने ऑनलाइन मागवून दिलेली ‘ऑर्गॅनिक रेशी मशरूम पावडर’ची डबी तिने पिशवीतून काढली. शंभर ग्रॅम, चौदाशे रुपये. डबीवर हिरवे पान, लालसर चकाकणाऱ्या रेशीचा फोटो, चौदा आकडी परवाना क्रमांक आणि ठळक अक्षरांत ‘पॉलिसॅकराइड्स ३० टक्क्यांहून अधिक’. ती म्हणाली, “ताई, तुम्ही यातल्या आहात. खरी आहे का, एवढंच सांगा. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणतात, आत नक्की काय आहे ते आधी मला कळू दे, मग घ्यायची की नाही ते सांगतो.”

डॉक्टरांचे बरोबरच होते. मी डबी उघडली. रेशी, म्हणजे गॅनोडर्मा, ही लाकडासारखी कडक अळिंबी. ती दळली की पीठ पडत नाही. कापसासारखा फुगलेला तपकिरी भुसा होतो, चिमटीत धरला तर त्याचे गुंतवळ येते. चव कडूजहर. या डबीतली पावडर फिकट होती, मऊ होती आणि जिभेवर किंचित गोड लागत होती. मी तीन वाट्या घेतल्या. एकीत ही पावडर, दुसरीत माझी धिंगरीची, तिसरीत तांदळाचे पीठ. तिन्ही पाण्यात उकळून पूर्ण गार होऊ दिल्या, कारण गरम पाण्यात पुढचा रंग धरत नाही. मग जखमेवर लावायचे पोव्हिडोन-आयोडीन पाण्यात पातळ करून प्रत्येकीत चार-चार थेंब टाकले. माझ्या वाटीतला रंग कोऱ्या चहासारखा राहिला. तांदळाची वाटी काळीनिळी झाली. रेशीची वाटी तांदळाच्या वाटीशेजारी ठेवली तर कोणती कुठली हे सांगता येईना.

शाळेत सातवी-आठवीत सगळ्यांनी केलेला हा प्रयोग. आयोडीनला पिष्ट भेटले की रंग निळाकाळा होतो. अळिंबीत पिष्ट नसते. पिष्ट वनस्पती साठवतात. अळिंबी वनस्पती नाही, बुरशी आहे, आणि ती साठवते ग्लायकोजेन. म्हणजे त्या डबीत धान्य होते, आणि चिमूटभर नव्हे, भरपूर होते.

ते धान्य तिथे कसे आले, हे अळिंबी पिकवणाऱ्या कुणालाही लगेच उमगेल. आमचे बियाणे असते त्याला आम्ही स्पॉन म्हणतो. गहू किंवा ज्वारी अर्धवट शिजवायची, पाणी निथळवायचे, त्यात जिप्सम आणि चुनखडीची भुकटी मिसळायची, पिशव्यांत भरून वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करायचे आणि त्यात बुरशीची शुद्ध वाढ सोडायची. दोन-तीन आठवड्यांत दाण्यादाण्यावर पांढरी जाळी चढते. ते तंतू म्हणजे कवकजाल, इंग्रजीत ज्याला मायसेलियम म्हणतात ते. ही पिशवी फोडून आम्ही पेंढ्यात थर देतो, पुढे पेंढा पांढरा होतो आणि मग कुठे पिशवीच्या भोकांतून अळिंबी बाहेर डोकावते. आता समजा, कुणी पेंढ्यापर्यंत गेलाच नाही. तांदळावर किंवा ओटवर कवकजाल वाढवले, दाण्यांसकट तो गठ्ठा वाळवला आणि दळला. तंतू दाण्यात इतके भिनलेले असतात की वेगळे काढणे शक्य नसते. जी पावडर होईल तिच्यात बुरशी आहे, हे खरे. पण मोठा भाग न खाल्ल्या गेलेल्या धान्याचा. बियाणे दळून पीक म्हणून विकण्याचा हा प्रकार आहे. जगभर मशरूम पावडरीच्या आणि कॅप्सूलच्या धंद्यात तो बऱ्याच वर्षांपासून चालतो.

इथे मला न्यायाने बोलले पाहिजे. कवकजाल हे विष नाही, आणि ते निरुपयोगी आहे असेही मी म्हणणार नाही. लायन्स मेन या अळिंबीतली एरिनॅसिन्स नावाची द्रव्ये, ज्यांच्यावर मज्जातंतूंच्या संदर्भात संशोधन चालू आहे, ती कवकजालातच सापडली. ज्याला कवकजाल विकायचे त्याने विकावे. पण डबीवर फोटो अळिंबीच्या फळाचा, नाव अळिंबीचे, किंमत अळिंबीची आणि आत तांदूळ, हे चालता कामा नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची यावर स्पष्ट सूचना आहे: कवकजाल वापरलेल्या पदार्थाच्या लेबलवर तसे लिहावे, आणि त्यात अळिंबी आहे असा समज होऊ देऊ नये. तिथेही ती किती पाळली जाते हा प्रश्नच आहे. २०१७ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या बाजारातून रेशीच्या पूरक आहाराचे १९ नमुने घेऊन तपासले होते. लेबलवर लिहिल्याप्रमाणे निघाले ते ५.

आपल्या बाजारात असा अभ्यास झाला तर काय निघेल, याचा अंदाज मी करत नाही. तो अभ्यास तुमच्या अधिकाऱ्यांनी करावा, हीच माझी पहिली मागणी आहे. महाराष्ट्रातल्या दुकानांतून आणि ऑनलाइन विक्रेत्यांकडून मशरूम पावडरीचे नमुने घ्या, त्यांतले पिष्ट मोजा, बीटा-ग्लुकॅन मोजा आणि आकडे नावानिशी जाहीर करा. हे मोजणे आता अवघड राहिलेले नाही. बीटा-ग्लुकॅन हा बुरशीच्या पेशीभित्तिकेचा घटक. आधी एकूण ग्लुकॅन काढायचे, मग पिष्टासारखे अल्फा-ग्लुकॅन वेगळे मोजायचे आणि वजा करायचे. अळिंबी आणि कवकजालाच्या उत्पादनांसाठी ही विकरांवर आधारलेली पद्धत २०१६ पासून प्रसिद्ध आहे आणि तिचे तयार संच मिळतात.

म्हणूनच डबीवरचे ‘पॉलिसॅकराइड्स ३० टक्के’ हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकते. ते खोटे नसते, आणि पकडता न येण्याचे कारणही तेच. पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब साखळी. बीटा-ग्लुकॅन हे पॉलिसॅकराइड, तसे तांदळातले पिष्टही पॉलिसॅकराइडच. त्या हिशेबाने आपल्या घरातल्या भाकरीच्या पिठात पॉलिसॅकराइड्स तीस टक्क्यांच्या दुपटीहून जास्त भरतील. जो आकडा भेसळीने वाढतो तोच गुणवत्तेचा आकडा म्हणून छापला जातो, आणि आजारी माणसाच्या घरचे लोक तो वाचून पैसे मोजतात.

आयोडीनची चाचणी घरोघरी व्हावी असे मला वाटते, आणि तुमच्या दिल्लीच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने घरगुती भेसळ-चाचण्यांची जी पुस्तिका काढली आहे तिच्यात दुधातले पिष्ट ओळखण्यासाठी ती आहेच. पण तिची मर्यादाही सांगते. वाटी काळी झाली तर पिष्ट आहे हे नक्की. काळी झाली नाही म्हणून माल खरा ठरत नाही. माल्टोडेक्सट्रिन घातले असेल तर रंग नीट येत नाही. काढणी झाल्यावर उरलेला पेंढा दळून मिसळला, लाकडाचा भुसा घातला, महाग अळिंबीच्या नावाखाली बटन अळिंबीचे देठ दळले, तर आयोडीनला त्यातले काहीच दिसत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो. अनुभवी माणसाला भिंगाखाली बुरशीचे तंतू, पेंढ्याच्या पेशी आणि पिष्टाचे दाणे वेगवेगळे ओळखू येतात. जात कोणती हे ठरवायला डीएनए लागतो. बुरशींसाठी त्यातला एक ठरावीक पट्टा जगभर ओळखपत्रासारखा वापरला जातो. अर्क काढलेल्या मालात मात्र डीएनए तुटलेला असतो, तिथे रासायनिक ठसा तपासावा लागतो. एका चाचणीने सगळे कळत नाही. तरी एवढे म्हणता येते की ‘ही अळिंबी आहे का’ या प्रश्नाचे उत्तर पुडीत सापडते. पुडी प्रयोगशाळेत द्या, उत्तर मिळेल.

‘ही सेंद्रिय आहे का’ या प्रश्नाचे उत्तर पुडीत सापडत नाही. ते माझ्या शेडच्या मागे असलेल्या निळ्या ड्रममध्ये आहे.

धिंगरी पिकवायची तर पेंढा आधी निर्जंतुक करावा लागतो, नाहीतर हिरवी बुरशी आमच्या बुरशीआधी पेंढा बळकावते. मी पहिल्यांदा प्रशिक्षण घेतले तेव्हा हातात जो कागद मिळाला त्यावर कृती अशी होती: शंभर लिटर पाण्यात साडेसात ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणि सव्वाशे मिली फॉर्मालीन, त्यात पेंढा सोळा ते अठरा तास बुडवून ठेवायचा. ही कृती देशभर शिकवली जाते. स्वस्त आहे, जळण लागत नाही, बाईमाणसाला एकटीला जमते. पहिली दोन वर्षे मीही त्या निळ्या ड्रममध्ये तीच केली. फॉर्मालीनचे झाकण उघडले की डोळ्यांतून पाणी यायचे, हाताच्या बोटांची साले निघायची. त्या पेंढ्यावर उगवलेली अळिंबी पांढरीशुभ्र, ताजी, देखणी दिसायची. गिऱ्हाईक विचारायचे, “फवारणी काही नाही ना?” आणि मी म्हणायचे, “नाही.” फवारणी नव्हतीच. बुडवणी होती. ते उत्तर मी दोन वर्षे दिले, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

तिसऱ्या वर्षी वाफेवर आले. लोखंडी ड्रमला तळाशी जाळी, खाली पाणी, वर दाबून भरलेला भिजवलेला पेंढा आणि चुलीला सतत जळण. काहीजणी पेंढा ऐंशी अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात. दोन्ही पद्धती जुन्या आहेत, चांगल्या आहेत. पण श्रम दुप्पट, वेळ दुप्पट आणि हिरवी बुरशी लागून पिशव्या फेकायचे प्रमाणही जास्त. कार्बेन्डाझिम हे युरोपीय संघात २०१४ नंतर मान्यताप्राप्त राहिलेले नाही. आपल्या केंद्र सरकारने २०२० मध्ये ज्या २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला होता, त्या यादीतही ते होते. ज्या औषधाविषयी सरकारला स्वतःलाच शंका आली, त्यात बुडवलेल्या पेंढ्यावरचा माल ‘नैसर्गिक’ म्हणून विकला जातो आणि त्यात विकणाऱ्यालाही काही चुकले असे वाटत नाही, कारण त्याला शिकवलेलेच तसे आहे.

आता ही बुडवलेली अळिंबी प्रयोगशाळेत नेली तर काय होईल? फॉर्मालीन बरेचसे उडून जाते. कार्बेन्डाझिमचा अंश अळिंबीत उतरला तर फार थोडा, कित्येकदा यंत्राच्या मोजमापाच्या खाली. अहवाल स्वच्छ येईल. उलट शिटाके ही अळिंबी स्वतःच्या शरीरातच फॉर्मल्डिहाइड तयार करते. एखाद्या प्रामाणिक शिटाकेवाल्याचा नमुना फॉर्मालीनच्या चाचणीत दोषी ठरू शकतो. म्हणजे बुडवणारा सुटेल आणि न बुडवणारा अडकेल. सेंद्रिय ही पावडरीची चव नाही, रंग नाही, तिच्यातले एखादे द्रव्यही नाही. पेंढा कुठून आला, कशाने निर्जंतुक केला, शेडमध्ये माश्यांसाठी काय मारले, वाळवण्याआधी पांढरेपणासाठी मेटाबायसल्फाइटच्या पाण्यात बुडवली का, याचा तो इतिहास आहे. तो पाहायला माणूसच यावा लागतो.

माझ्या पाकिटावर ‘सेंद्रिय’ हा शब्द नाही. वार्षिक उलाढाल बारा लाखांच्या आत असलेल्या मूळ उत्पादकाला थेट ग्राहकाला विकताना प्रमाणपत्राची सक्ती नाही, ही सूट मला ठाऊक आहे. तरी मी तो शब्द लिहीत नाही, कारण माझा पेंढा गावातल्या ज्या खाचरांतून येतो तिथे करप्यावर आणि खोडकिड्यावर औषध मारतात. मी पाकिटावर लिहिते: ‘वाफेवर निर्जंतुक केलेल्या भाताच्या पेंढ्यावर वाढवलेली धिंगरी अळिंबी.’ प्रदर्शनात लोक हे वाचतात, विचारतात, “म्हणजे ऑर्गॅनिक नाही का?” आणि शेजारच्या टेबलावर जातात, जिथे हिरवे पान छापलेले असते. आमच्या गटात अकरा जणी होत्या. पाच जणींनी शेड बंद केली. त्यांचा माल खराब नव्हता. बाजारात साडेतीनशे रुपये किलोने ‘मशरूम पावडर’ येऊ लागली आणि त्यांचा हिशेब बसेना.

तो हिशेब तुमच्यापुढे मांडते, कारण खरेखोटे ओळखायची याहून साधी परीक्षा मला माहीत नाही. ताज्या अळिंबीत नव्वद टक्के पाणी. दहा किलो ताजी वाळवली की एक किलो पावडर. शेडवरचा दर अगदी पडता, एकशेवीस रुपये धरला तरी एक किलो पावडरीत बाराशे रुपयांची ताजी अळिंबी गेली. वाळवणे, दळणे, पाकीट वेगळेच. साडेतीनशेला ती कुणी देत असेल तर त्यात अळिंबीखेरीज काहीतरी आहे. असाच एक व्यापारी माझ्याकडे येऊन गेला. पोत्यात माल होता. म्हणाला, “ताई, तुमचं नाव चांगलं आहे, पाकीट तुमचं, माल आमचा.” मी नमुना मागून ठेवून घेतला. वाटी काळी झाली.

हाच हिशेब मागे नेला तर पेंढ्यापर्यंत जातो. शंभर किलो कोरड्या पेंढ्यावर साधारण साठ ते ऐंशी किलो ताजी धिंगरी निघते. सत्तर धरू. वर्षाला पाच क्विंटल सेंद्रिय पावडर विकणाऱ्याने पाच हजार किलो ताजी अळिंबी काढली असली पाहिजे, आणि त्यासाठी सात टनांहून जास्त कोरडा सेंद्रिय पेंढा आणला असला पाहिजे. कुठल्या शेतातून? पावत्या कुठे आहेत? तो पेंढा कोणी पाहिला? प्रमाणपत्र देणाऱ्याने आणि तपासणाऱ्याने हा एवढा एक प्रश्न विचारला तरी निम्मी हिरवी पाने गळून पडतील, असे मला मनापासून वाटते.

कागदांची गोष्ट निघाली आहे तर तीही सांगते. २०१७ च्या सेंद्रिय अन्न नियमांप्रमाणे लहान उत्पादकाची ती सूट सोडली तर ‘सेंद्रिय’ म्हणून विकायला दोनच वाटा आहेत: अपेडाच्या देखरेखीखालचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम किंवा शेतकऱ्यांच्या गटांची पीजीएस-इंडिया पद्धत. पाकिटावर ‘जैविक भारत’चे चिन्ह यायला यांपैकी एक लागते. पहिल्या वाटेत प्रमाणपत्रे दोन प्रकारची असतात. एक व्याप्तीचे, ज्यात उत्पादक कोण आणि त्याची कोणकोणती उत्पादने प्रमाणित आहेत हे असते. दुसरे व्यवहाराचे, जे विकलेल्या प्रत्येक खेपेसाठी निघते. ग्राहकाने मागितले की विक्रेता नेहमी पहिले दाखवतो. त्यावर हळद असते, आले असते, कधी सगळा बांधावरचा भाजीपाला असतो. अळिंबीचे नाव शोधावे लागते आणि कित्येकदा सापडत नाही. मी पाहिलेल्या एका प्रमाणपत्रावर फक्त आंबा होता, आणि ते मशरूम पावडरीच्या पाकिटाबरोबर फिरत होते. या खेपेचे व्यवहार-प्रमाणपत्र दाखवा, असे म्हटले की बोलणे संपते. चौदा आकडी परवाना क्रमांकाचेही तसेच. तो क्रमांक सांगतो की हा धंदा तुमच्याकडे नोंदलेला आहे. लोक तो वाचून समजतात की माल तपासलेला आहे. हा गैरसमज दूर करायला एक जाहिरात पुरे. ती मराठीत, एसटी स्टँडवर लागेल अशी काढा.

प्रयोगशाळेच्या अहवालाबद्दलही एक गोष्ट लोकांना कुणी सांगत नाही. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेले असते की नमुना ग्राहकाने आणून दिला. म्हणजे अहवाल त्या आणलेल्या चिमटीचा, गोदामातल्या मालाचा नव्हे. बॅच क्रमांक पाकिटावरच्या क्रमांकाशी जुळतो का, ती चाचणी त्या प्रयोगशाळेच्या एनएबीएल मान्यतेच्या कक्षेत आहे का, पद्धत कोणती, हे पाहिल्याशिवाय त्या कागदाला अर्थ नाही.

पीजीएसची वाट मला जास्त जवळची वाटते. त्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट असतो आणि एकमेकांची शेते एकमेकांनी पाहायची असतात. शेडचे खरे-खोटे शेजारणीला जितके कळते तितके वर्षातून एकदा येणाऱ्या निरीक्षकाला कळत नाही. माझ्या ड्रमच्या मागे फॉर्मालीनची बाटली आहे की नाही हे तिला वासावरून कळेल. पण अळिंबीला शेत नसते, सातबाऱ्यावर पीक लागत नाही, आणि गटाच्या कागदांत आमची शेड कुठे बसवायची हे विचारायला गेले की एक टेबल दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवते. कृषी खात्याशी बोलून हे एकदा सोडवा. पेंढा, पाश्चरीकरण, स्पॉन आणि वाळवण या चार गोष्टींची एक पानी तपासणी-यादी ठरली तरी आम्ही सहा जणी उद्यापासून एकमेकींच्या शेडमध्ये जाऊन ती भरू.

दिल्लीला तुमचा शब्द पोचतो, म्हणून तिकडेही लिहा. पाकिटावर अळिंबीचे फळ आहे की धान्यावर वाढवलेले कवकजाल, हे मोठ्या अक्षरांत असावे. पॉलिसॅकराइडचा आकडा बंद करून बीटा-ग्लुकॅन आणि पिष्ट हे दोन आकडे सक्तीचे करावेत. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात अळिंबीच्या पावडरीची व्याख्या एकाच जातीची वाळवलेली अळिंबी दळून केलेली, दोनशे मायक्रॉनच्या चाळणीतून जाणारी पावडर, अशी आहे. तिच्यात तांदळाला जागा नाही. आणि ‘कॅन्सरवर गुणकारी’ असे सुचवणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविरोधी कायद्याने बंदी आहे, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्न सुरक्षा कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. ही कलमे वापरायला नवा नियम लागत नाही.

माझी शेवटची विनंती अन्न सुरक्षा कायद्यातल्याच कलम ४० बद्दल आहे. हे कलम मला एका वकीलबाईंनी दाखवले, तोवर मला ते ठाऊक नव्हते, आणि ज्यांना विचारले त्यांच्यापैकी कुणालाच नव्हते. कोणीही सामान्य ग्राहक विकत घेतलेला खाद्यपदार्थ शुल्क भरून शासनाच्या अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. माल नियमात बसत नाही असे निघाले तर शुल्क परत मिळते आणि विश्लेषकाचा अहवाल पुढील कारवाईसाठी अधिकाऱ्याकडे जातो. अट एकच: विकत घेतानाच विक्रेत्याला सांगायचे की मी हा पदार्थ तपासून घेणार आहे. दुकानात हे तोंडी सांगता येते. ऑनलाइन मागवणाऱ्याने कुणाला सांगायचे? त्या गिऱ्हाईक मुलीने डबी स्वतः फोनवर मागवली असती, तरी हा हक्क तिला बजावताच आला नसता, कारण पैसे भरायच्या खिडकीत असे सांगायला जागाच नाही. ती जागा करून घ्या. आणि शुल्क किती, अर्ज कुठे, नमुना किती ग्रॅम, अहवाल किती दिवसांत, हे प्रत्येक जिल्हा कार्यालयाच्या दारावर मराठीत लावा.

त्या मुलीला मी तेव्हा एवढेच सांगू शकले की यात पिष्ट आहे; रेशी किती आहे, आहे का, हे मला सांगता येणार नाही. तिने डबी आईला दिली नाही. पुन्हा फोन केला तेव्हा आईचे उपचार संपले होते, घरचा वरण-भात जाऊ लागला होता. म्हणाली, “ताई, तुमच्याकडची धिंगरी पाठवा, सूपाला. ती औषध नाही हे माहीत आहे, म्हणूनच पाठवा.”

येत्या सोमवारी मी पुण्यातल्या एका दुकानात जाऊन ‘ऑर्गॅनिक मशरूम पावडर’ची सीलबंद पाकिटे घेणार आहे. घेतानाच दुकानदाराला कलम ४० प्रमाणे सांगणार आहे आणि बिलावर तसे लिहून त्याची सही मागणार आहे. तिथून थेट तुमच्या पुण्याच्या कार्यालयात येईन. सोबत माझ्या स्वतःच्या पावडरीचेही एक पाकीट असेल. त्याचेही शुल्क भरीन, आणि अहवाल जो येईल तो शेडच्या दारावर लावीन. त्या दिवशी पावतीपुस्तक तयार ठेवायला सांगावे, ही विनंती.

आपली,
एक धिंगरी अळिंबी उत्पादक
तालुका भोर, जिल्हा पुणे